हरवलेली फाइल: शोध, सुटका आणि सांभाळ

‘कंप्युटरमधला डेटा गेला’ हे वाक्य निपाणीत आता घरोघरी ऐकायला मिळतं. कुणाचा तंबाखूच्या वखारीचा टॅलीतला हिशेब जातो, तर कुणाचा अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात द्यायचा प्रकल्प. कुणाच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो सापडत नाहीत, तर कुणी भावकीच्या वाटणीपत्राची स्कॅन केलेली प्रत शोधत बसतो. मग ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन जातो. तो येईपर्यंत घरातलं प्रत्येक जण काही ना काही करून पाहतं. फाइलीचं खरं नुकसान बऱ्याचदा याच वेळात होतं.

‘डेटा गेला’ असं म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. फाइल जागेवर असते, पण आपण भलतीकडे शोधतो, हा पहिला प्रकार. दुसऱ्यात ती असते, पण दिसत नाही किंवा वाचता येत नाही. तिसऱ्यात ती खरोखर डिलीट झालेली असते. चौथ्यात ज्या डिस्कवर ती होती, ती डिस्कच बिघडलेली असते. चारही प्रकारांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. डिलीट झालेल्या फाइलीसाठी त्याच ड्राइव्हवर नवा प्रोग्रॅम टाकला तर उरलीसुरली आशाही पुसली जाते. म्हणून आधी प्रकार ओळखावा आणि मगच हात लावावा.

आहे, पण भलतीकडे

बहुतेक तक्रारी या पहिल्या प्रकारातच मिटतात. विंडोजच्या शोधपेटीत नाव टाकलं आणि काही आलं नाही, की माणूस हताश होतो. पण विंडोजचा नेहमीचा शोध संपूर्ण कंप्युटर धुंडाळत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा मोजक्या फोल्डरांची यादी करून तो त्या यादीत पाहतो. आपल्याकडे डेटा डी ड्राइव्हवर ठेवायची पद्धत आहे आणि नेमका तोच भाग यादीबाहेर राहतो. सेटिंग्जमध्ये शोधाचा ‘एन्हान्स्ड’ पर्याय निवडला तर सगळे ड्राइव्ह यादीत येतात. त्याहून झटपट काम व्हॉइडटूल्सचा ‘एव्हरीथिंग’ हा मोफत प्रोग्रॅम करतो. तो डिस्कवरची फाइलींची मूळ नोंदवहीच वाचतो, त्यामुळे लाखो फाइलींतून हवं ते नाव क्षणात पुढे येतं. मात्र फाइल डिलीट झाल्याची शंका असेल, तर तो त्या ड्राइव्हवर टाकू नये.

नाव आठवत नसेल तर तारखेवरून शोधावं. फोल्डरात वरच्या पट्टीवर ‘डेट मॉडिफाइड’वर क्लिक केलं की शेवटी हात लागलेल्या फाइली वर येतात. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटोंच्या नावात तारीखच असते, म्हणून फोटो कुणाचा होता यापेक्षा तो कधी आला हे आठवणं जास्त उपयोगाचं. वर्डमध्ये काम करताना वीज गेली असेल, तर वर्ड पुन्हा उघडल्यावर डाव्या बाजूला वाचवलेली प्रत येते का ते पाहावं. मूळ सेटिंगनुसार वर्ड दर १० मिनिटांनी अशी प्रत ठेवत असतो. टॅलीची तऱ्हा आणखी निराळी. कंपनीचं नाव ‘अमुक ट्रेडर्स’ असलं तरी डिस्कवर तिचा फोल्डर १०००० किंवा १००००० अशा आकड्याच्या नावाने असतो. फर्मच्या नावाने कितीही शोधलं तरी तो सापडणार नाही. टॅलीचा ‘डेटा’ फोल्डर शोधून त्यातले आकड्यांचे फोल्डर पाहावे लागतात.

सीमाभागात शोधाला आणखी एक फाटा फुटतो. आपल्या गावांची नावं इंग्रजीत एकाच तऱ्हेने लिहिली जात नाहीत. कुठे निपाणीला एक ‘पी’, तर सरकारी कागदात दोन. बेळगावचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झालं, तेव्हा त्याआधीच्या फाइली जुन्या स्पेलिंगने आणि नंतरच्या नव्या स्पेलिंगने साठत गेल्या. चिकोडीचंही स्पेलिंग दोन तऱ्हांनी आढळतं. त्यामुळे पूर्ण नाव न टाकता दोन्ही स्पेलिंगांत सारखी असलेली तीन-चार अक्षरं टाकून शोधावं.

देवनागरीत नाव दिलेल्या फाइलींना वेगळीच अडचण येते. ‘शेतकऱ्यांचा अर्ज’ हे नाव दोन पद्धतींनी टाइप होतं. एकीत नुक्ता असलेला ‘ऱ’ असतो, तर दुसरीत साधा ‘र’ आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण कंप्युटरला ती वेगळी वाटतात. ‘ॲडमिशन’मधल्या पहिल्या अक्षराचंही तसंच. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली, त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून ते अक्षर लिहिलं जाई आणि अजूनही अनेक कीबोर्ड तसंच लिहितात. यावर उपाय सोपा आहे. अडचणीचं अक्षर टाळावं आणि नुसतं ‘शेतक’ किंवा ‘डमिशन’ टाकून शोधावं.

आहे, पण दिसत नाही

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह घरी लावला आणि सगळ्या फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसले, हा अनुभव घरगुती कंप्युटर वापरणाऱ्या बहुतेकांना आलेला आहे. इथे घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करणं हीच सर्वांत मोठी चूक. आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहावी. भरलेली जागा पूर्वीइतकीच असेल, तर फाइली आत सुखरूप आहेत. व्हायरसने त्यांच्यावर ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ असे दोन शिक्के मारले आहेत आणि त्यांच्या जागी स्वतःला चालू करणारे शॉर्टकट ठेवले आहेत, इतकंच घडलेलं असतं. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. आधी अँटीव्हायरसने पेन ड्राइव्ह आणि कंप्युटर दोन्ही तपासावेत. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करावा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची खूण काढावी. ही दुसरी खूण काढली नाही तर फाइली दिसत नाहीत आणि लोक इथेच फसतात. शेवटी कमांड प्रॉम्प्टमधली ‘ॲट्रिब’ ही आज्ञा वापरून दोन्ही शिक्के काढता येतात. मायक्रोसॉफ्टने ती जुन्या डॉसच्या काळापासून जपली आहे.

विंडोजच्या अपडेटनंतर डेस्कटॉप रिकामा दिसू लागला, तर तोही बहुधा याच प्रकारातला. २०२० च्या फेब्रुवारीत आलेल्या विंडोज १० च्या एका अपडेटनंतर अनेकांचा कंप्युटर तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये सुरू होऊ लागला. डेस्कटॉप कोरा दिसे, पण सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’ फोल्डरात जुन्या नावाला शेपटी जोडलेल्या फोल्डरात सगळं शिल्लक असे. वनड्राइव्ह चालू केला असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर त्याच्या पोटात हलतात. विंडोज नव्याने टाकताना ड्राइव्ह फॉरमॅट केला नसेल, तर जुना सगळा संसार ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात राहतो. पण अपग्रेडनंतर हा फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप पुसला जातो, म्हणून इथे दिरंगाई परवडत नाही.

अपडेटने फाइली खरोखर पुसल्याचंही एक मोठं उदाहरण आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं मोठं अपडेट सोडलं. ज्यांनी आपला डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवला होता, पण जुन्या जागीही काही फाइली तशाच ठेवल्या होत्या, त्यांच्या त्या जुन्या जागेतल्या फाइली अपडेटने काढून टाकल्या. चारच दिवसांत वितरण थांबवावं लागलं. एवढी मोठी कंपनीही अशी चूक करू शकते, तेव्हा मोठ्या अपडेटच्या आधी दुसरी प्रत काढणं हा खबरदारीचा भाग समजावा.

आहे, पण वाचता येत नाही

सीमाभागातल्या मराठी माणसासाठी हा प्रकार सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. १९९० च्या दशकापासून इथल्या डीटीपी केंद्रांत लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, निवेदनं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत तयार झाल्या. शेजारच्या टेबलावर कन्नड मजकूर नुडी किंवा बरहामध्ये होई. हे जुने फाँट मराठी अक्षर म्हणून काही साठवत नसत. आत रोमन अक्षरांचे आकडे असत आणि फाँट त्यांना देवनागरीचं रूप देई. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तिच्यात देवनागरी होती, पण घरगुती विंडोजवर ती सहज वापरता यायला बरीच वर्षं गेली.

परिणाम असा की कंप्युटर बदलला, फाँट नव्या मशीनवर टाकायचा राहिला, आणि फाइल उघडल्यावर समोर रोमन अक्षरांचा अर्थहीन चुरा दिसू लागला. लोक समजतात की फाइल खराब झाली. ती धड असते, फाँट तेवढा नसतो. अशा वेळी ती फाइल ‘सेव्ह’ करू नये. तिची प्रत काढावी, फाँटचं नाव पाहावं, तो फाँट टाकावा आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. कन्नड आणि मराठी एकाच फाइलीत असेल, तर दोन्ही भाग वेगवेगळे बदलावे लागतात, कारण दोन्हीकडचे आकडे तेच असतात आणि अक्षरं वेगळी.

शोधाच्या बाजूनेही हे महत्त्वाचं आहे. श्री-लिपीतल्या फाइलीत ‘तंबाखू’ हा शब्द शंभर वेळा आला असला, तरी युनिकोडमध्ये ‘तंबाखू’ टाकून शोधल्यावर ती फाइल सापडणार नाही. कुणी काही डिलीट केलेलं नसतानाही बरंच लेखन अशा रीतीने आपल्या हातून निसटत चाललं आहे. पेजमेकरमधल्या कामाचं तर आणखी कठीण, कारण तो प्रोग्रॅम ॲडोबीने केव्हाच बंद केला.

डिलीट झाली

इथे पायऱ्या ठरलेल्या आहेत. नुकतंच डिलीट झालं असेल तर ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ दाबून पाहावं. मग रीसायकल बिन. १९९५ च्या विंडोजपासून ही सोय आहे, पण पेन ड्राइव्हवरून काढलेली, ‘शिफ्ट’ दाबून काढलेली किंवा आकाराने फार मोठी फाइल त्यात जात नाही. विंडोजचा ‘स्टोरेज सेन्स’ चालू असेल तर ३० दिवसांपेक्षा जुन्या वस्तू तोच काढून टाकू शकतो. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह यांचीही वेगळी कचरापेटी असते आणि तिथे वस्तू साधारण ३० दिवस राहतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस मिळू शकतो. म्हणून कंप्युटर धुंडाळून झाला की ब्राउझर उघडून या पेट्याही पाहाव्यात.

तिथेही नसेल तर डिस्क काय करते ते समजून घ्यावं लागतं. जाड ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतून एका प्रकरणाचं नाव खोडलं, तरी त्या प्रकरणाची पानं जागेवरच राहतात. जुनी हार्ड डिस्क डिलीट करताना असंच करते. फाइलीची नोंद ‘मोकळी’ म्हणून चिन्हांकित होते, मजकूर आहे तिथेच राहतो, आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो मिळू शकतो. जुन्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हमध्ये तर नोंदीतल्या नावाच्या पहिल्या अक्षरावरच खूण मारली जाते, म्हणून परत आणलेल्या फाइलीच्या नावात पहिलं अक्षर कधीकधी नसतं.

नोंदही गेली असेल तर प्रोग्रॅम मजकुराच्या तोंडवळ्यावरून फाइल ओळखतो. प्रत्येक पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी होते. नव्या वर्डची फाइल ‘पीके’ या दोन अक्षरांनी सुरू होते, कारण ती आतून झिप असते आणि झिप घडवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं आहेत. फोटोंनाही अशाच ठरावीक खुणा असतात. क्रिस्तॉफ ग्रेनिए यांचा ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्रॅम या खुणा हुडकत डिस्कभर फिरतो. तो फाइली आणतो, पण नावं आणि फोल्डर आणू शकत नाही. फाइल तुकड्यांत विखुरलेली असेल तर ती अर्धवटच हाती येते. ‘रेकुव्हा’ वापरायला सोपा आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ मोफत दिला, पण त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात.

कोणताही प्रोग्रॅम वापरा, दोन नियम मोडू नका. फाइल ज्या ड्राइव्हवरून गेली, त्याच्यावर काहीही टाकायचं नाही, अगदी रिकव्हरीचा प्रोग्रॅमसुद्धा नाही. आणि सापडलेल्या फाइली नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या. फाइल सी ड्राइव्हवरून गेली असेल तर कंप्युटर तिथल्या तिथे बंद करावा. नुसतं इंटरनेट पाहत बसलं तरी सी ड्राइव्हवर सतत काही ना काही लिहिलं जात असतं.

जुना सल्ला आता का चालत नाही

‘डिलीट केलेलं कधीच जात नाही, परत काढता येतं’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. हार्ड डिस्कच्या काळात त्यात बरंच तथ्य होतं. आज नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते आणि तिचा कारभार वेगळा आहे. फाइल डिलीट झाली की विंडोज ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेने एसएसडीला कळवते की ही जागा आता नको आहे. २००९ च्या विंडोज ७ पासून ही व्यवस्था आहे. त्यानंतर त्या जागेत पाहिलं तर बहुधा शून्यंच मिळतात, आणि सवडीने एसएसडी ती जागा पुसूनही टाकते. इथे कितीही महागडा प्रोग्रॅम आणला तरी हाती काही लागण्याची आशा थोडी. पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डं बहुधा या व्यवस्थेबाहेर असतात, म्हणून त्यांवरचे फोटो आजही बऱ्याचदा परत मिळतात.

दुसरा बदल कुलपाचा. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक नव्या मशीनांची डिस्क आपोआप सांकेतिक होते. मशीन बंद पडल्यावर दुरुस्तीवाल्याने डिस्क काढून दुसऱ्या कंप्युटरला लावली, तर तो ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. आपल्याकडे ते खातं बऱ्याचदा विकणाऱ्याने किंवा घरातल्या मुलाने घाईत उघडलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. मशीन धड आहे तोवर ती किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

थोडक्यात, नावाने फाइल शोधणं आज पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे, पण एकदा पुसलेली परत आणणं पूर्वीपेक्षा अवघड.

डिस्क बिघडली, भिजली, ओलीस धरली गेली

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला की तिचं वाचणारं टोक बिघडल्याचा संशय घ्यावा. फिरत्या तबकडीपासून हे टोक केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहिली तर तबकडीवर ओरखडे उठतात आणि प्रयोगशाळेच्याही हाती काही उरत नाही. ती उघडूनही पाहू नये, धुळीचा कणसुद्धा तिथे घातक असतो.

आपल्या भागात पाण्याचा धोका खरा आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं, वाहतूक थांबली आणि काठावरच्या घरांत पाणी शिरलं. भिजलेला कंप्युटर वाळवून चालू करण्याचा मोह टाळावा. आत राहिलेला ओलावा आणि गाळ चालू केल्यावर तबकडी घासतो. डिस्क उन्हात ठेवू नये, हेअर ड्रायर लावू नये. जशी आहे तशी पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत पोचवावी. कोल्हापूर इथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे, पण धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या जागा मोठ्या शहरांतच आहेत आणि त्यांचा खर्च घरच्या बजेटला जड जातो. आत काय होतं आणि त्याचं मोल किती, हे ठरवूनच ती वाट धरावी.

फाइलींच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागलं आणि प्रत्येक फोल्डरात पैशाची मागणी करणारी चिठ्ठी दिसली, तर ते रॅन्समवेअर. घरगुती कंप्युटरवर ते बरेचदा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून शिरतं, आणि डीटीपीची व हिशेबाची सॉफ्टवेअर तशी वापरण्याची सवय आपल्याकडे रुजलेली आहे. पैसे भरून फाइली मिळतीलच याची हमी नाही. इंटरनेट तोडावं, १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि सांकेतिक झालेल्या फाइली फेकू नयेत. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही जातींची कुलपं उघडणारी साधनं मोफत मिळतात. आज नसलेली किल्ली पुढेही निघू शकते.

मूळ जागेहून पुन्हा

प्रत्येक हरवलेली फाइल कंप्युटरमधूनच परत आणली पाहिजे असं नाही. कर्नाटकातल्या जमिनीची आरटीसी भूमी पोर्टलवरून मिळते आणि पलीकडच्या कागल तालुक्यात जमीन असेल तर तिचा सातबारा महाभूलेखवरून. आधार, वाहन परवाना आणि अनेक परीक्षा मंडळांच्या गुणपत्रिका २०१५ पासून चालू असलेल्या डिजिलॉकरवर असतात. ई-मेलच्या ‘सेंट’ फोल्डरात आपणच कुणाला पाठवलेली प्रत असते, आणि लग्नाचे फोटो पाहुण्यांच्या फोनमध्येही असतात. रिकव्हरीवर पैसे खर्च करण्याआधी ही यादी करून पाहावी. ज्याला दुसरं मूळ नाही ते मात्र खरं धोक्यात आहे: आजोबांचा रेकॉर्ड केलेला आवाज, जुना हिशेब, मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर.

सांभाळ

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी मांडलेला ‘३-२-१’ नियम जगभर मान्य आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरासाठी त्याचा अर्थ असा की एक प्रत कंप्युटरात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडमध्ये किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नये, नाहीतर रॅन्समवेअर तिच्यावरही चालतं. क्लाउडवरच सगळा भरवसा टाकू नये. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममधल्या दोषामुळे काही वापरकर्त्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या होत्या, त्यासाठी गूगलला वेगळं साधन द्यावं लागलं. आणि प्रत काढली म्हणजे काम संपलं असं नाही. मधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. दिवाळीत पाडव्याला वह्या पुजणाऱ्या व्यापाऱ्याने टॅलीचा बॅकअपही त्याच दिवशी दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला, तर वर्षाची खातरजमा होते.

घराच्या पलीकडचंही एक काम आहे. निपाणी, बेळगाव, खानापूर, चिकोडी या टापूतल्या वाचनालयांच्या, मंडळांच्या आणि डीटीपी चालकांच्या जुन्या डिस्कांवर तीन दशकांचं मराठी लेखन जुन्या फाँटांत अडकून पडलं आहे. सीमाप्रश्नावरची निवेदनं, तंबाखू शेतकऱ्यांच्या आणि विडी कामगारांच्या संघटनांची पत्रकं, शाळांचे वार्षिक अंक यांतलं बरंच छापील स्वरूपात आज कुठे मिळेल याची खात्री नाही. ते फाँट ओळखणारे आणि पेजमेकर चालवणारे हात अजून बाजारपेठेत काम करत आहेत. ते आहेत तोवर आपल्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी त्यांना सोबत घेऊन हे लेखन युनिकोडमध्ये आणावं, पीडीएफसह दोन गावांत ठेवावं आणि सर्वांना शोधता येईल असं करावं. तंत्र अवघड नाही आणि खर्च आवाक्यातला आहे. जुन्या डिस्का मात्र दरवर्षी बंद पडत आहेत, म्हणून या कामाला याच वर्षी सुरुवात व्हायला हवी.